ट कुठे गेला?

वायरलेस कीबोर्ड हा काही निबंधाचा विषय नाही, हे मलाही कळतं. पण हॉस्टेलच्या एकाच टेबलावर लॅपटॉप, टॅब्लेट आणि मोबाईल नांदवायचे असले की हा विषय चार रात्री सहज पुरतो. त्यात माझी एक जास्तीची अट. मला त्यावर मराठी लिहायचं होतं.

आमचं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठी बोलायला पक्कं, पण मेसेजमध्ये "मी येते" हेसुद्धा इंग्रजी अक्षरांत. वर्ध्याच्या आजीला ती अक्षरं येत नाहीत. माझे मेसेज ती शेजारच्या मुलाकडून वाचून घेते, म्हणजे आमच्या दोघींचं गुपित आधी त्याला कळणार! फोनवर अंगठ्याने दोन ओळी मराठी जमते. पत्राएवढं लिहायला घेतलं की अंगठा संपावर जातो.

मग बर्डी. दुकानदार म्हणाले, "ताई, हे तिन्हीवर चालते, घेऊन जा." चालतो हे खरं. ब्लूटूथचा कीबोर्ड तीन यंत्रं लक्षात ठेवतो आणि एक बटण दाबलं की या यंत्रावरून त्या यंत्रावर जातो. नुसत्या डोंगलवाल्याचं तसं नाही. डोंगल यूएसबीत खोचावा लागतो आणि फोनला ते मोठं तोंडच नसतं. लॉजिटेकचा के४८० बघितला. त्याला फोन उभा करायची खाच आहे, पण वजन 820 ग्रॅम. त्यांचाच के३८० साधारण त्याच्या निम्म्याने, पण बटणं गोल. रूममेट म्हणाली, "काहून एवढा विचार करतेस बाप्पा, कीबोर्ड तो कीबोर्ड!"

तसं नाही ना. कीबोर्डला भाषा येतच नाही. तो फक्त "अमुक जागेचं बटण दाबलं" एवढाच निरोप पाठवतो. त्याचं ए करायचं की ो, हे समोरचं यंत्र ठरवतं. म्हणून मराठी प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये वेगवेगळी चालू करावी लागते. आणि मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा (भारतीय मानकात 1991 पासून आहे) इंग्रजीपेक्षा जास्त बटणं वापरतो. ड असतो चौकटी कंसावर, च अर्धविरामावर आणि ट त्याच्या शेजारच्या अवतरण चिन्हावर. इंग्रजीवाल्यांना ही कोपऱ्यातली बटणं क्वचित लागतात, म्हणून छोट्या कीबोर्डात कंपन्या नेमकी तीच बारीक करतात, नाहीतर दुसरीकडे ढकलतात. दुकानात उभी राहून मी एकेका कीबोर्डावर ट शोधत होते. एकावर तो चक्क खालच्या ओळीत सापडला. दुकानदारांना वाटलं असेल, पोरगी उन्हाने बिघडली!

आरामाचं म्हणाल तर मोठ्या कीबोर्डावर दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर साधारण 19 मिलिमीटर असतं. ते फार कमी झालं की बोटं एकमेकांवर चढतात. मागचे पाय उघडले की कीबोर्ड ऐटदार दिसतो, पण मनगट उलटं वाकतं. आमची टेबलं आधीच उंच, त्यामुळे पाय मिटलेले बरे आणि खुर्चीवर एक उशी. पलंगावर पोटावर झोपून टाइप करणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

शेवटी चौकोनी बटणांचा, ट आणि ड पूर्ण आकाराचे असलेला घेतला. आवाज कमी, म्हणजे रात्री दोनला रूममेट उशी फेकत नाही.

इनस्क्रिप्ट मात्र आवडला. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क वर शिफ्ट दिली की ख, ग वर घ, त वर थ. बाराखडीत मी कायम कच्ची, ती आता बोटांत उतरतेय. ळ एनवर शिफ्ट देऊन येतो आणि "वाऱ्या"तला तो वाकडा र जेवर शिफ्ट देऊन. तो पहिल्यांदा उमटला तेव्हा मी पूर्ण विंगला दाखवून आले.

राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टायपिंगला मिनिटाला 30 शब्द लागतात. माझे सध्या अकरा. आजीला पहिलं लांब पत्र रविवारी गेलं, दीड पान. तिने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि फोन केला. शेजारच्या मुलाबद्दल मी जे लिहिलं होतं, त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.