रात्र जागवणारा रस्ता

राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्या इंदूरचा सराफा आहे. दिवसभर तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांची शटरे खाली येऊ लागतात आणि त्याच पेढ्यांच्या ओट्यांपुढे शेगड्या पेटतात. दुधात शिजणारा भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात जिरावन भुरभुरलेले गराडू, खोबऱ्याचे पॅटिस, ताटाएवढी जिलेबी. आणि तहान लागलीच तर शिकंजी. परगावचा पाहुणा शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत समजतो आणि हाती दाट दुधाचे, सुक्यामेव्याचे पेय आले की चकित होतो. मध्यरात्र जवळ आली तरी आजोबांचे बोट धरून चालणारी नातवंडे येथे दिसतात. रात्र जागवण्यासाठी या बाजाराला शिकंजीहून कडक पेयाची गरज आजवर भासलेली नाही.

आताशा मात्र एक प्रश्न वारंवार कानी येतो. पुण्याला, बंगळूरला नोकरीसाठी गेलेले आमचे माजी विद्यार्थी सुटीत भेटायला येतात आणि म्हणतात, “सर, मध्यवस्तीतल्या बाजारात चार चांगले पब हवेत. आहेत ते सगळे विजयनगरच्या बाजूला. दुकाने मिटल्यावर मग इकडे यायचे कशाला?” एका विद्यार्थिनीचे म्हणणे अधिक विचार करायला लावणारे होते. “सराफ्यात उभ्याने खायचे, धक्के सोसायचे आणि निघायचे. दोघी मैत्रिणींना तासभर निवांत बसून बोलायचे असेल, तर जागा कुठे आहे?” अशा प्रश्नावर शिक्षकाने डोळे वटारले, तर मुले पुढच्या वेळी प्रश्नच विचारीत नाहीत, एवढे शहाणपण शाळेच्या नोकरीने मला दिले आहे. म्हणून उत्तर देण्याची घाई मी केली नाही.

मध्यंतरी बंगळूरला जाण्याचा योग आला, तेव्हा त्या शहरातील चर्च स्ट्रीट मुद्दाम पायी हिंडून पाहिला. महात्मा गांधी रस्त्याला समांतर जाणारा, ब्रिगेड रोडला मिळणारा हा रस्ता लांबीने जेमतेम पाऊण किलोमीटर. पबचे शहर म्हणून बंगळूरचा लौकिक 1980 नंतरच्या दशकात पसरला आणि त्या लौकिकात या परिसराचा वाटा मोठा. 2018 च्या मार्च महिन्यात नव्याने बांधून खुला झालेला हा रस्ता दगडी फरसबंदीचा आहे. पदपथ रुंद आणि सलग आहेत. मनात धरून गेलो होतो धिंगाण्याचे चित्र. प्रत्यक्षात नजरेत भरली ती पुस्तकांची दुकाने! जुन्या-नव्या पुस्तकांच्या राशी, त्यांत मान खाली घालून हरवलेली तरुण मुले, शेजारी कॉफीगृह आणि वरच्या मजल्यावर पब. पबमध्ये न जाणारा माणूसही तेथे सुखाने तासभर घालवू शकत होता. रस्त्याच्या आनंदाचे श्रेय एकट्या पबला देणे मला त्यामुळे जमले नाही, आणि पबने रस्ता नासवला असेही म्हणता आले नाही.

त्याच परिसराने पुरवलेला एक धडा मात्र विसरण्यासारखा नाही. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी दिला. अपघात टळावेत हा त्यामागचा हेतू. पण महामार्ग शहरांच्या पोटातूनही जातात. 2017 च्या जुलैमध्ये महात्मा गांधी रस्ता आणि आसपासच्या कित्येक पबना टाळे लागले. त्याच महिन्यात न्यायालयाने शहरांतर्गत रस्त्यांविषयी खुलासा केला आणि पुढील काही महिन्यांत टाळी उघडली. परंतु मधल्या काळात वाढपी, स्वयंपाकी, पहारेकरी यांच्या रोजगारावर गदा आली ती आलीच. पुस्तकाच्या दुकानाला असा धोका नसतो. ज्या रस्त्याची सारी मदार एकाच परवान्यावर असते, त्याचा दिवा एका हुकुमाने विझतो.

दुसरा धडा त्याच शहरातील इंदिरानगरचा. ती मुळात राहती वस्ती. तेथे पब वाढत गेले, रात्रीचे संगीत झोपण्याच्या खोल्यांत शिरू लागले आणि अखेर रहिवाशांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर व्यापारी भागात आवाजाची मर्यादा 55 डेसिबल, तर निवासी भागात 45. आता आमच्या जुन्या इंदुराकडे पाहावे. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी घरे आजही कितीतरी आहेत. एकाच भिंतीच्या आत बाजारही नांदतो आणि परीक्षेचा अभ्यास करणारे मूलही. तेथे कोणता आकडा लावायचा?

येथे वाचक म्हणतील, म्हणजे दोष मद्याचाच! तसे म्हणून मोकळे होता आले असते, पण इंदूरचाच एक अनुभव आड येतो. 2022 च्या सप्टेंबरात येथील साडेअकरा किलोमीटरच्या बीआरटीएस मार्गालगतची दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास परवानगी मिळाली. मद्याची दुकाने आणि पब यांना त्या सवलतीतून वगळले होते. तरीही रात्री-अपरात्री नशेत फिरणाऱ्या टोळक्यांच्या तक्रारी वाढल्या आणि 2024 च्या जुलैमध्ये ही परवानगी मागे घ्यावी लागली. एकाच शहरात एक बाजार वर्षानुवर्षे रात्री जागतो आणि कोणाला त्याची भीती वाटत नाही. दुसरा रस्ता जेमतेम दोन वर्षे जागतो आणि शहर धास्तावते. मद्य तर दोन्हीकडे विकले जात नव्हते. मग फरक कशाचा?

मला वाटते, फरक राखणदाराचा. सराफ्यात वाहन शिरत नाही, माणूस पायी चालतो. प्रत्येक ओट्याला धनी आहे, प्रत्येक शेगडीमागे बापापासून मुलाकडे आलेला धंदा आहे आणि गिऱ्हाइकांत निम्मी कुटुंबे आहेत. कोणी वेडेवाकडे वागलाच, तर दहा डोळे त्याच्याकडे वळतात. रुंद, वेगवान मार्गावर असे डोळे नसतात. तेथे सारेच वाटसरू. जेन जेकब्ज या विदुषीने अमेरिकन शहरांवरील आपल्या 1961 च्या ग्रंथात हेच सूत्र मांडले आहे: रस्त्यावर खिळलेल्या माणसांच्या नजरा हाच रस्त्याचा खरा पहारा. गंमत अशी, की न्यूयॉर्कमधील आपल्या गल्लीच्या सुरक्षिततेचे थोडे श्रेय त्यांनी तेथील एका मद्यगृहालाही दिले आहे, कारण त्याच्यामुळे रात्री उशिरापर्यंत ओळखीची माणसे येत-जात. म्हणजे मद्यगृहही कधी राखणदार होऊ शकते. मात्र ते वस्तीचे असले, गिऱ्हाईक आणि धनी एकमेकांना ओळखत असले तर. बंद काचेआड गाणे वाजवून पहाटे आपली गिऱ्हाइके रस्त्यावर सोडून देणारे मद्यगृह ते काम करीत नाही.

तेव्हा मध्यवस्तीत आणखी पब हवेत काय, याला माझे उत्तर ‘नकोत’ असे आहे. ते पिणाऱ्याच्या द्वेषापोटी नाही. त्या गल्ल्यांचा पोत ते सोसणार नाही म्हणून. विजयनगरच्या रुंद रस्त्यावर जे चालते ते येथे चालेलच असे नाही. पण एवढ्यावर हात झटकणे हा त्या मुलीच्या प्रश्नावर अन्याय होईल. तिने मद्य मागितलेच नव्हते. बसायला जागा मागितली होती. ती आपण दिलेली नाही. बाके, स्वच्छ प्रसाधनगृहे, रात्री घरी पोहोचवणारी बस, उशिरापर्यंत उघडे एखादे वाचनालय, नाटकाच्या तालमीला एखादे सभागृह, या गोष्टींसाठी अबकारी परवाना लागत नाही. 2020 साली नव्या रूपात खुल्या झालेल्या छप्पन दुकानात वाहने दूर ठेवून बसण्याची सोय झाली, तेव्हा हे अशक्य नाही हे आपण पाहिलेच आहे.

आणि जे आहे तेही जपायला हवे. गॅसच्या टाक्या आणि दाटीमुळे आगीचा धोका आहे, असे म्हणत सराफ्यातील व्यापाऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत खाद्यबाजार हलवण्याची मागणी केली. 1984 साली शेजारचाच राजवाडा जळालेला ज्या पिढीने पाहिला, तिला ही भीती पोकळ वाटणार नाही. शेगड्यांची संख्या बांधून घ्यावी, अग्निशामक वाहनाला वाट मोकळी ठेवावी. पण बाजार उठवू नये. तो उठला, तर पेढ्या बंद झाल्यावर गल्ली अंधारी होईल आणि रिकाम्या जागेत काय येऊन बसेल, हे आपल्या हाती उरणार नाही. ज्या रस्त्यावर रात्री दहा वाजता म्हातारी बाई आणि शाळकरी मूल निर्धास्त चालू शकते, त्याच रस्त्यावर तरुणांनाही घटकाभर बसता यावे, एवढे आपण वडीलधाऱ्यांनी पाहिले, तर सुटीत घरी आलेली मुले संध्याकाळ काढायला दुसरे शहर शोधणार नाहीत.