‘जिन’ म्हणजे काय रे भाऊ?

दिवाळी झाली की आपल्या केळझरवरून कापसाच्या गाड्या जायला लागतात. कुठे चालले म्हणून विचारलं, तर उत्तर एकच, "जिनात." मागे रांगेतल्या एका पोरानं मला विचारलं, "भाऊ, जिन तर दारू असते ना? मग आपला जिल्हा दारूबंदीचा कसा?" सगळे हसले. पण प्रश्न चोख होता. घरी येऊन शब्दकोश काढला.

दारूची जिन वेगळ्या घरची. ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास देऊन डच लोक दारू काढत, तिला येनेव्हर म्हणत. इंग्रजांनी ते नाव छाटून जिन केलं. वर्धा जिल्ह्यात तिला बंदी आहे. बंदी किती पाळली जाते, ते तुम्ही जाणताच.

कापसाची जिन म्हणजे ‘एंजिन’चं शेपूट. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ बुद्धी, युक्ती. इंजिनिअर त्याच घरातला. आपल्याकडे सरकी काढायची लाकडी चरकी शेकडो वर्षांपासून होती. अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९३ मध्ये दातेरी जिन बनवली. काम झपाट्यानं व्हायला लागलं, कापसाचा पेरा वाढला आणि तो वेचायला गुलामही वाढले. यंत्रानं कष्ट वाचवले खरे, पण कोणाचे?

आता तिसरा अर्थ बघा. जुन्या इंग्रजीत जिन म्हणजे जनावर पकडायचा फासा. हाही त्याच ‘युक्ती’तून आलेला. म्हणजे यंत्र आणि फासा सख्खे भाऊ!

कास्तकाराला या दोघांपैकी कोण भेटतो, हे ओलाव्याच्या आकड्यावर ठरतं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ओलावा ८ टक्के असला तर पूर्ण भाव. पुढे दर टक्क्याला १ टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला की सीसीआय माल घेतच नाही. त्या भावात १२ टक्के ओलाव्याला ३२४ रुपये कापले जात. वीस क्विंटलवाल्याचे जवळपास साडेसहा हजार गेले. माल परत न्यायचा तर गाडीभाडं अंगावर, म्हणून माणूस बाहेर व्यापारी म्हणेल त्या भावात देऊन मोकळा होतो.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ओल्या कापसाचं वजन जास्त भरतं, हे खरंच आहे. पण मीटर एकाच्या हातात आणि कपात दुसऱ्याच्या खिशातून, तेव्हा आकडा दोघांनाही दिसला पाहिजे. म्हणून जिनात गेलात की मीटरसमोर उभे राहा, वेगवेगळ्या थरांतला कापूस तपासायला सांगा, आकडा पावतीवर लिहून मागा. कोणी नाही म्हटलं तर मला फोन करा. बातमी लावायचं काम माझं.