अब्बांची हार्ड डिस्क, दुसरा मदरबोर्ड

22 जुलै 2021 च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा दासगावात खाडीच्या बाजूच्या घरांतही पाणी शिरलं. आमच्याकडे ते गुडघ्याच्या वर होतं. गाळ काढताना धान्य गेलं, गाद्या गेल्या, त्याचं वाईट वाटलं. पण घरातल्या सगळ्यांचं लक्ष टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे होतं. तो माझ्या मरहूम सासऱ्यांचा. आम्ही सगळे त्यांना अब्बाच म्हणायचो.

निवृत्तीनंतर अब्बांनी त्यावर खानदानाचा शजरा टाइप केला होता. कोण जहाजावर गेला, कोण आफ्रिकेत राहिला, कुणाच्या मुली कुठल्या गावी दिल्या. 2005 च्या दरडीत गावानं गमावलेल्या ओळखीच्या माणसांच्या आठवणी होत्या. दासगाव बंदराच्या, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी होत्या. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. आंबेडकर परिषदेसाठी महाडला निघाले ते याच बंदरावर उतरले होते, तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. अर्धा मजकूर उर्दूत, इनपेजमध्ये. अर्धा मराठीत, एका जुन्या फॉन्टमध्ये.

दुरुस्तीवाल्यानं कॅबिनेट उघडून सांगितलं, "मॅडम, बोर्ड गेला. नवीन घ्या, डिस्क फॉरमॅट मारून देतो." आमच्या नशिबानं डिस्क कॅबिनेटच्या वरच्या खणात होती, पाणी तिथवर पोचलं नव्हतं. मी ती काढून घेऊन घरी आले.

इथे एक गोष्ट सांगते, कारण पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. डिस्कमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर ती चालू करून पाहू नये, तांदळातही ठेवू नये. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून चिखल आत जातो आणि चालू केल्यावर आतली तबकडी खरवडली जाते. अशी डिस्क डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेतच न्यावी. भिजलेला एसएमपीएस तर फुकट मिळाला तरी पुन्हा लावू नये.

आमची डिस्क कोरडी होती. पुतण्या म्हणाला, "चाची, आधी कॉपी. बाकीचं नंतर." त्यानं ती यूएसबी जोडणीनं लॅपटॉपला लावली आणि नुसत्या फाइली न उचलता संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर केले. मूळ डिस्क कपाटात.

मग फाइली मिळाल्याच होत्या, जुनं विंडोज जिवंत करण्याची धडपड कशाला, असं माझ्या मोठ्या दिरांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. अडचण अशी की जुनं इनपेज युनिकोडवर चालत नाही. त्याची फाइल वर्डमध्ये उघडली की नुसती चिन्हं दिसतात. नवीन इनपेज विकत घेऊन उर्दूचं काम निभावलं असतं, पण मराठीच्या फॉन्टचं काय? त्याची सीडी गाळाबरोबर गेली होती. तो फॉन्ट, त्याचा कीबोर्ड, पानांची मांडणी, सगळं त्या एका विंडोज एक्सपीत बसलेलं होतं.

आता दुसऱ्या बोर्डावर डिस्क लावली की विंडोज सुरू का होत नाही? विंडोज बसवताना ते त्या बोर्डाची ओळख करून घेतं. विशेषतः डिस्कशी बोलणाऱ्या चिपची. बोर्ड बदलला, चिप अनोळखी निघाली, तर तिचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर असतो डिस्कवर आणि डिस्क वाचता येत नाही. पेटीची चावी पेटीतच! मग निळा पडदा येतो, त्यावर शेवटी 7बी असलेला आकडा. एक्सपीत आणि विंडोज 7 मध्ये हे हमखास होतं. विंडोज 10 मात्र बहुतेक वेळा नवा बोर्ड ओळखून घेतं.

म्हणून पुतण्यानं नवा बोर्ड शोधलाच नाही. आमचा बोर्ड जी31 चिपसेटचा होता. त्यानं जुन्या बाजारातून जी41 चा आणला. या दोन्हींवर बहुधा आयसीएच7 हीच चिप डिस्क सांभाळते, आणि आमच्या दोन्ही बोर्डांवर तीच होती. जुना प्रोसेसरही बसला. बायॉसमध्ये डिस्कची पद्धत आयडीई आहे ना, ते पाहिलं आणि बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, मग बराच वेळ काळा पडदा. घरात कुणी बोलेना. मग अब्बांनी लावलेलं रायगडाचं चित्र पडद्यावर आलं, आणि सासूबाई उठून आत गेल्या.

आवाज आणि नेटवर्कचे ड्रायव्हर नव्यानं टाकावे लागले. नेटवर्क पुढे आम्ही बंदच ठेवलं. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती 8 एप्रिल 2014 ला थांबली आहे. इनपेजचं डोंगल टेबलाच्या वरच्या खणात कोरडं राहिलं होतं, ते लावलं आणि शजरा उघडला.

आजच्या मशीनची अडचण वेगळी. कॅबिनेटबरोबर आलेला ओईएम परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला दुसरीकडे नेता येतो. विंडोज 10 किंवा 11 असेल तर बोर्ड बदलण्याआधी परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावा. डिस्कला बिटलॉकर असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी चावी कागदावर लिहून ठेवावी. बोर्ड बदलला की ती मागितली जाते आणि नसेल तर मजकूर गेलाच समजा. मुलांच्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेलं असू शकतं, पालकांना पत्ता नसतो.

त्या महिन्यात आम्ही प्रत्येक फाइलची पीडीएफ काढली, मग मजकूर युनिकोडमध्ये नेला. मराठीचं काम लवकर उरकलं. उर्दूत मात्र शब्दांमधल्या जागा गायब झाल्या, कारण नस्तालीकमध्ये अक्षर पुढे जुळत नसेल तिथे अब्बा जागा सोडतच नसत. कागदावर ते खटकत नाही, युनिकोडमध्ये दोन नावांचं एक होतं. त्यामुळे शजरा हातानंच तपासावा लागतोय. रोज इशानंतर सासूबाई नावं सांगतात, मी जागा सोडत जाते. सध्या अब्बांच्या आजोबांच्या पिढीपर्यंत आलोय. तिथे एका बहिणीचं नाव अब्बांनी रिकामं सोडलंय, ते सासूबाईंना आठवतंय का पाहायचं आहे.