दुसरा हात

विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या आसपासची तळी हिवाळ्यात गोठली की तिथले कितीतरी गळवाले बेसमेंटमध्ये उतरतात आणि येत्या उन्हाळ्यासाठी काठ्या बांधायला घेतात. आमच्या शेजारचे आजोबा त्यांतलेच. कारखान्यात टूल अँड डाय मेकर म्हणून त्यांची हयात गेलेली. मी साताऱ्याकडचा. नदीवर बांबूला गळ बांधून बसायचं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. काठी बांधायची विद्या मला आजोबांनी दिली, आणि त्यातही इपॉक्सी निवडायची नजर दिली, ते देणं मी सगळ्यांत मोठं मानतो.

काठीच्या ब्लँकवर, म्हणजे नुसत्या दांड्यावर, गाईड, म्हणजे गळाची दोरी ओवायची कडी, ठेवून त्याचे पाय नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळतात आणि त्या गुंडाळीवर इपॉक्सीचा हात देतात. त्यात एक प्रकार पातळ, दुसरा घट्ट, 'हाय बिल्ड' म्हणतात तो. घट्ट घेतलं तर एकदोन हातांतच काचेसारखी चकाकी येते, म्हणून नवशिके तिकडेच वळतात. मीही विचारलं, "यातलं चांगलं कोणतं?" आजोबांनी एक बारीक ब्लँक माझ्या हातात दिला. ब्लूगिलसारख्या तळहाताएवढ्या माशासाठीचा. "हलवून बघ. आता सांग, या शेंड्यावर किती ओझं चढवशील?"

शेंड्याला थोडं वजन वाढलं तरी अशी काठी मंदावते. तिला पातळच हवं, हात जास्त लागले तरी चालतील. मस्कीची काठी वेगळी. मस्की हा 1955पासून विस्कॉन्सिनचा राज्यमासा, ताकदीचा. त्या काठीला दोरा जाड, गाईड दणकट. तिथे घट्ट भर टिकते. डबी उघडण्याआधी काठी हातात घ्यायची सवय मला तेव्हापासून लागली.

पहिला हात मात्र कुठल्याही काठीला पातळच, यावर ते ठाम होते. दोरा गाईडच्या पायावर चढतो तिथे दोन्ही अंगांना बारीक बोगदा राहतो. भिंग देऊन त्यांनी मला तो दाखवला. पातळ इपॉक्सी आत झिरपतं आणि हवा बुडबुड्याने बाहेर येते. वरून घट्ट थापलं तर तीच हवा आत अडकते. मग स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून जरा दुरून फिरवायची. इपॉक्सी ऊन होऊन सैलावतं आणि बुडबुडे फुटतात. इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, समसमान घ्यायचे, पण सिरिंज वेगवेगळ्या. हार्डनरच्या सिरिंजला आजोबांनी लाल चिकटपट्टी लावली होती. माझ्याही सिरिंजला लाल पट्टीच असते.

हात दिल्यावर काठी मोटरवर सावकाश फिरत ठेवावी लागते, नाहीतर इपॉक्सी एका अंगाला ओघळतं. ते बसेपर्यंत काही तास जातात. तेवढा वेळ हा माणूस माझ्यासोबत बसायचा. मध्येच ट्यूबलाइटची रेघ गुंडाळीवर सरळ उमटते का, ते वाकून बघायचा. पैशांचा विषय मी एकदा काढला, तो त्यांना आवडला नाही.

पुढे त्यांचा हात कापू लागला. नातीसाठी बांधलेली काठी त्यांनी माझ्याकडे पाठवली. दोरा त्यांनीच गुंडाळलेला, जरा सैल. कोणतं इपॉक्सी लावायचं, याबद्दल चकार शब्द नाही. मी ब्लँक वाकवून बघितला आणि पातळ घेतलं. दुसऱ्या हाताच्या वेळी ते आले आणि ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढून बसले.