जातं थांबतं तेव्हा

करी रोडच्या सभागृहात ‘एकच प्याला’ पूर्ण काळोखात करायचं म्हटलं की पहिला आक्षेप असा येतो : नाटक बघतो तो प्रेक्षक. दिसणारच नसेल, तर घरी आकाशवाणीवरची श्रुतिका काय वाईट? श्रुतिका मलाही प्रिय आहे. पण तिथे सगळं नाटक एका पेटीतून येतं आणि डोळ्यांसमोर आपलीच भिंत, आपलंच घड्याळ असतं. काळोख्या सभागृहात आवाजाला जागा मिळते. नाटकाचा दारुडा नायक सुधाकर मागच्या दारातून आला, आपल्या खुर्चीला घासून पुढे गेला, हे अंगाला कळतं. म्हणून माइक नकोच. माइक लावला की सगळी पात्रं स्पीकरमध्ये जाऊन बसतात. दाराशी बॅटरी घेतलेली माणसं मात्र हवीत. कुणी घाबरलं तर लगेच बाहेर नेता यावं.

करी रोडला शांतता कुठून आणणार, असंही विचारतात. लोकलची धडधड येणारच, येऊ द्यावी. १९८२च्या गिरणी संपापर्यंत हा भाग गिरणीच्या भोंग्यावर उठला, पाळीवर गेला. चाळीतल्या एका खोलीत रातपाळीचा माणूस झोपलेला असताना बाकीचे जपून वावरायचे. इथलं नाटकवेडही जुनं : परळचं दामोदर नाट्यगृह १९२२चं. त्याआधी तीनच वर्षं, १९१९मध्ये, नाटककार गडकरी गेल्यानंतर ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं होतं. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट या गिरणगावाला समजावून सांगावी लागत नाही.

खरा आक्षेप नटांचा आहे, आणि तो वजनदार आहे. सुधाकरची बायको सिंधू सोसते ती बरीचशी न बोलता. काळोखात न बोलणारं पात्र नाहीसंच होतं. सुधाकरचं त्या मानाने सोपं : झोकांड्या निरुपयोगी ठरतात, नशा श्वासात आणि जड जिभेत आणावी लागते. सिंधूला मात्र गडकऱ्यांनीच जातं दिलं आहे. ती मोलाने दळते. ध्वनिफीत न लावता खरं दगडी जातं आणावं, त्यात खरी ज्वारी घालावी. घास पडला की घरघर भरीव होते. दाणे संपत आले की दगडाला दगड लागून कोरडी खरखर सुरू होते. खुंटा धरलेल्या हातातल्या बांगड्या प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी वाजतात. पाचेक मिनिटांत कान त्या लयीला सरावतो. मग सुधाकरची पावलं येतात आणि फेरा अर्ध्यावर अडतो. तिचा चेहरा ऐकू येतो तो इथे. तिथे ऑर्गनचा एक सूरही भरू नये. जातं पुन्हा फिरेपर्यंत थांबावं.