बावीस मतं, आणि तरीही हार!

तुमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ आहे ना? आमच्याही आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या निवडणुकीत माझ्या हातून एक घोटाळा झाला. तोच आज तुम्हांला सांगणार आहे.

चौथीच्या माझ्या वर्गात पस्तीस मुलं होती. मुख्यमंत्रिपदासाठी एक मुलगी आणि एक मुलगा उभे होते. वर्गाचे सात-सात जणांचे पाच गट होतेच. मी नियम सांगितला, "गटात ज्याला जास्त मतं, त्याला त्या गटाचा एक गुण. ज्याचे गुण जास्त, तो मुख्यमंत्री." म्हटलं, मोजणी पटकन उरकेल!

खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. पहिल्या गटात मुलीला सातच्या सात मतं. दुसऱ्यात सहा. उरलेल्या तीनही गटांत मात्र तिला तीन-तीन आणि मुलाला चार-चार. गुण झाले दोन विरुद्ध तीन. मुलगा जिंकला. टाळ्या झाल्या.

मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन आली. मागच्या पानावर तिनं बेरीज केली होती. "बाई, मला बावीस जणांनी मतं दिली. त्याला तेरा जणांनी. मग मी कशी हरले?"

खरं सांगू? मला उत्तर देता आलं नाही. "नियम आधीच सांगितला होता ना!" एवढंच म्हणाले. ती काही बोलली नाही. पण तिचे डोळे भरून आले होते.

घरी गेल्यावर मी पुस्तकं काढून बसले, आणि चकितच झाले. माझ्या वर्गात घडलं तसंच अमेरिकेत घडलं होतं! तिथं राष्ट्राध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात. सगळी मिळून ५३८. जिंकायला हवीत २७०. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जरी जास्त पडलं, त्याला राज्याची सगळीच्या सगळी मतं मिळतात. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. पण फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले, तिथली २५ मतं त्यांना मिळाली आणि तेच राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांचंही असंच झालं.

मग हा नियम बदलत का नाहीत? प्रयत्न झाला होता. १९६९ साली थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाली. पण पुढे सिनेटमध्ये अडली. लहान राज्यांना वाटतं, नुसती डोकी मोजली तर आपल्याला कोण विचारणार?

आपल्याकडेही पंतप्रधानांना आपण थेट मत देत नाही. आपण खासदार निवडतो, आणि लोकसभेत ज्यांच्यामागे बहुमत ते पंतप्रधान होतात. गावाच्या सरपंचाचं बघा. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंच थेट निवडायचं ठरलं, २०२० साली ते रद्द झालं आणि २०२२ साली पुन्हा सुरू झालं. मोठ्यांचंही एकमत होत नाही बरं का!

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला म्हणाले, "नियम ठरवताना मी नीट विचार केला नाही. चूक माझी आहे." कुणी ओरडलं, "मग निकाल बदला!" जिंकलेला मुलगा खाली मान घालून बसला. त्यानं कुठं लबाडी केली होती? खेळ संपल्यावर नियम बदलणं हाही अन्यायच.

मी मुलांना अल गोर यांची गोष्ट सांगितली. न्यायालयाचा निर्णय त्यांना पटला नव्हता, तरी त्यांनी तो मान्य केला. वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी उभी राहिली. "यंदा तोच राहू दे, बाई. पण पुढच्या वर्षी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र मोजा."

पुढच्या वर्षीपासून आम्ही तसंच करतो. आता उमेदवार सगळ्या बाकांपर्यंत जातात. पण त्याच वर्षी पाच जणांच्या एका लहान गटातला मुलगा माझ्याकडे आला. "बाई, सगळे मोठ्या गटांकडेच जास्त वेळ थांबतात. आमच्याकडे लवकर उरकतात."

त्याचंही खरंच होतं! थेट मतदान मला अधिक न्यायाचं वाटतं. तरी त्या मुलाचं म्हणणं मी विसरले नाही.

तुमच्या वर्गात निवडणूक असेल तेव्हा नियम आधी फळ्यावर लिहा. आणि चिठ्ठ्या वाटण्यापूर्वी एकमेकांना विचारा, "या नियमानं आपण हरलो, तर तो आपल्याला पटेल का?"