आधी मोजमाप

मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांना व पोषणशास्त्राच्या पदवीधरांना तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हापासून मी एक नियम कसोशीने पाळीत आलो आहे: नव्याने रुजू झालेल्याच्या हाती पहिले काही महिने संगणकातील आकडेवारी द्यावयाची नाही, द्यावयाची ती मोजपट्टी, त्वचेची घडी मोजण्याचा कॅलिपर आणि नोंदवही. उत्तम गुणांनी एम. डी. झालेल्या मुलामुलींना ही तजवीज आपल्या योग्यतेस कमीपणा आणणारी वाटते, हे त्यांच्या मुद्रेवरून मला कळते; तथापि या नियमात मी आजवर सवलत दिलेली नाही.

दंडाच्या मागील बाजूस, खांद्याचे हाड व कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करावयाची, स्नायू सोडून केवळ त्वचा आणि तिच्याखालची चरबी चिमटीत धरावयाची, आणि कॅलिपर लावल्यावर क्षणभर थांबून मगच काटा वाचावयाचा, एवढेच हे कृत्य. परंतु एकाच व्यक्तीचे माप दोघांनी परस्परांचे आकडे न पाहता घेतले आणि मग दोन्ही नोंदींची रुजुवात घातली, म्हणजे कोणाची चिमूट सैल आणि कोणाची घट्ट, कोणाची खूण बोटभर खाली सरकली, हे सारे उघडे पडते. हा फरक कमी होईपर्यंत पुनःपुन्हा मोजावयाचे, हाच आमचा अभ्यासक्रम.

याची आवश्यकता पटवून देण्यास मला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती मातांचा अभ्यास आरंभिला. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, तर इंग्लंडातील साउदम्पटनच्या बालकांचे 3.5 किलो, स्नायू, पोट, डोके, सर्वच मापांत आपली बालके उणी, मात्र पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी उणी नव्हती. दिसावयास कृश आणि तरीही मेदयुक्त असे हे भारतीय बालक, ज्याच्याकडे पाहून आपल्या लोकांतील मधुमेहाचा विचार जन्मापूर्वीपासून करणे भाग पडले, ते कोणत्या अवाढव्य यंत्राने दाखविले नाही. ते नवजात अर्भकाच्या पाठीवर हळुवारपणे लावलेल्या कॅलिपरने दाखविले.

मोजमापाइतकीच विचारपूसही शिकावी लागते. ग्लुकोज सहनशीलतेच्या तपासणीसाठी पहाटेच्या एस. टी.ने आलेल्या एका वयस्क बाईंना आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मावशी, काही खाल्लं नाही ना?” “नाही ताई, सक्त उपाशी हाय,” बाईंनी तत्परतेने सांगितले. नळ्यांवर नाव, क्रमांक व वेळ लिहून झाली, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळले, आणि सुई टोचणार इतक्यात बाई सहज म्हणाल्या, “निस्ता कपभर चा घेतला, न् मिशेरी लावली. त्याला काय खाणं म्हनत्यात व्हय?” मुलीचा हात थांबला. बाईंचा रोज बुडाला होता, परतीची गाडी दुपारची होती, आणि नोंदवहीत ‘उपाशी’ असे लिहून मोकळे होण्यास कोणाचाही प्रत्यवाय नव्हता. तिने तसे केले नाही. जे घडले ते तारीखवार नोंदविले, बाईंना नाश्ता दिला, गाडीभाडे देवविले आणि पुढील दिवस ठरवून घेतला. त्या दिवसापासून तिने आपला प्रश्नही बदलला: “झोपून उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?” तिच्या ठायी संशोधक जन्मास आल्याचा मला त्या सकाळी साक्षात्कार झाला, असे मी निःशंकपणे म्हणतो.

रक्त काढल्यानंतरची दक्षता तर निराळीच. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी ग्लुकोज खर्चीतच राहतात व तासागणिक 5 ते 7 टक्के साखर घटते; म्हणून फ्लोराइडची नळी, बर्फ आणि घड्याळ. ज्याने हे स्वहस्ते केले आहे, तोच पुढे एखाद्या तक्त्यातील विलक्षण आकडा पाहून नवा सिद्धांत मांडण्यापूर्वी नळी किती वेळ पडून होती याची चौकशी करतो.

टोरोंटोत 1921 च्या उन्हाळ्यात इन्सुलिनचा शोध चालू असता बँटिंगच्या सोबतीस असलेला चार्ल्स बेस्ट अवघा 22 वर्षांचा होता, आणि रक्तातील व लघवीतील साखर मोजणे हे त्याच्याकडील मुख्य काम होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

दुर्दैव असे, की आज या मुलांच्या नेमणुका अल्प मुदतीच्या असतात, बढतीचा हिशेब प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येवर होतो, आणि हात तयार होण्याआधीच लेखणी चालविण्याची सक्ती होते. ज्यांच्या हाती मंजुरीचे अधिकार आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की संशोधनवृत्तीचे पहिले वर्ष केवळ मोजमाप, विचारपूस व नोंदी शिकण्यासाठी पूर्ण वेतनासह राखून ठेवावे आणि त्या वर्षात एकाही निबंधाची मागणी करू नये.